पाटण ते पत्तन

न्हावा-शेवा बंदराच्या सरकारी हिंदी नावात 'बंदर' हा शब्द नाही. तिथे 'जवाहरलाल नेहरू पत्तन प्राधिकरण' असे लिहितात. रावेर-यावलची केळी भरून निघालेला कंटेनर चारशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता कापून तिथे पोचतो, तेव्हा सोबतच्या खानदेशी माणसाला 'पत्तन' हा शब्द परका, पुस्तकी वाटला तर नवल नाही. पण शब्द त्याच्याच मुलखातला आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे गाव होते. आज आपण त्या जागेला पाटणादेवी म्हणतो. संस्कृत 'पत्तन', प्राकृत 'पट्टण', मराठी 'पाटण' असा तो सरळ उतरत आलेला शब्द आहे.

समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाला बंदराचे नाव कसे? पत्तन म्हणजे जिथे माल येऊन उतरतो आणि हात बदलतो ती जागा. जुन्या जैन टीकाकारांनी जलपत्तन आणि स्थलपत्तन असे दोन प्रकार सांगितले आहेत. पाण्याने माल येतो ते जलपत्तन, जमिनीने येतो ते स्थलपत्तन. विशाखापट्टण, मछलीपट्टण, नागपट्टण ही पहिल्या जातीची गावे. चाळीसगावचे पाटण दुसऱ्या जातीचे. आज 'ड्राय पोर्ट' हा शब्द नवीन शोध असल्यासारखा वापरला जातो, आणि आपल्याकडे तो कधी मिळणार याची खानदेशातले उद्योजक चर्चा करतात. स्थलपत्तन म्हणजे तेच.

पाटण मराठी वाचकाला ठाऊक असते ते भास्कराचार्यांमुळे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्याने पाटणला मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण प्रत्यक्ष कोणी काय द्यायचे हे सांगायची वेळ आली तशी भाषा मराठी झाली. देणाऱ्या-घेणाऱ्याला जे कळायलाच हवे, ते त्याच्या भाषेत कोरले गेले. पाटणच्या बाजारात जे 'केणे' उघडेल, त्यावर ग्राहकाकडून राजाला येणारा हिस्सा मठाला दिला, असा त्या मजकुराचा आशय आहे.

'केणे' म्हणजे विकाऊ माल. ज्ञानेश्वरीतही तो शब्द भेटतो, पुढे मात्र बोलण्यातून गेला. त्याचे मूळ संस्कृत 'क्री' धातूत, म्हणजे विकत घेण्यात आहे. त्याच धातूचा दुसरा वंशज 'किराणा' घरोघर नांदतो. 'विक्री' उघडच त्या घरातली. 'खरेदी' फारसीतून आली म्हणून आपण तिला पाहुणी समजतो, पण फारसी 'खरीदन' आणि संस्कृत 'क्री' यांची आजी एकच आहे. तेव्हा 'खरेदी-विक्री संघ' अशी पाटी कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसली, तर तिच्यावरचे दोन्ही शब्द चुलत बहिणी आहेत असे खुशाल समजावे.

शब्दांच्या या नात्यागोत्यांचा नाद खानदेशाला जुना आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाने तिथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांची दप्तरे सांभाळली, त्यांचे व्युत्पत्तीचे काम छापले. राजवाड्यांचा ओढा शब्द संस्कृतापर्यंत नेऊन भिडवण्याकडे होता, आणि त्यांच्या काही व्युत्पत्ती आज कोणी मान्य करणार नाही. पण रोजच्या वापरातला, बाजारातला, शेतातला शब्द हा इतिहासाचा अस्सल कागद आहे, हे त्यांनी मराठीला शिकवले. त्याच नजरेने निर्यातीच्या कागदांकडे पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटते. कारण जळगाव-धुळ्याचा तरुण उद्योजक परदेशी व्यापाराची तयारी करायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढे येणारा जवळजवळ प्रत्येक शब्द एक निर्णय असतो: माल कोणाचा, धोका कोणाचा, पैसा कधी, आणि फसगत झाली तर दाद कुठे. हे निर्णय इंग्रजी अक्षरांच्या आड राहिले की सही आधी होते आणि अर्थ नंतर कळतो.

सुरुवात मालाच्या जागेपासून करू. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या सत्तरीत धरणगावला ठाणे घातले, कापडासाठी. सुरत हे त्यांचे मुख्य ठिकाण होते, आणि सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यामुळे खानदेशातला माल समुद्राला जोडलेला होता. त्या ठाण्याला इंग्रज 'फॅक्टरी' म्हणत आणि आपण 'वखार' म्हणत होतो. इंग्रजी शब्द माणसावरून पडला आहे: मालकाच्या वतीने व्यवहार करणारा तो 'फॅक्टर', तो बसतो ती फॅक्टरी. तिथे काही तयार होत नसे. मराठी शब्द मालावरून पडला. 'वखार'चा संबंध प्राकृत 'वक्खार'शी, साठवणीच्या जागेशी जोडला जातो. दोन्ही भाषांनी एकाच इमारतीकडे पाहून वेगळी गोष्ट टिपली, आणि मला दोन्ही आवश्यक वाटतात. निर्यातदाराला माल ठेवायला वखार लागते, तसा पलीकडच्या गावी आपल्या वतीने उभा राहणारा माणूसही लागतो. तो नसेल तर दुबईच्या बाजारात पेट्या उघडल्यावर 'माल खराब निघाला' या निरोपाची शहानिशा करायला कोणी नसते.

'गोदाम' अधिक फिरलेले आहे. तेलुगू-तमिळमधल्या कोठाराच्या शब्दावरून मलय भाषेतला 'गुदांग' आला असे मानतात. तो पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी 'गोडाऊन' केला, आणि आपल्याकडे तो 'गोदाम' होऊन राहिला. मसाल्याच्या जहाजांबरोबर फिरलेला शब्द आता जळगावच्या डाळ मिलच्या भिंतीवर रंगवलेला असतो. 'बारदान' फारसीतले: 'बार' म्हणजे ओझे, 'दान' म्हणजे ठेवायचे पात्र. उलट दिशेनेही शब्द गेले. आपली 'गोणी' इंग्रजीत 'गनी बॅग' झाली.

पण आपल्याकडून समुद्रापार गेलेला सर्वांत वजनदार शब्द 'खंडी'. वीस मणांची खंडी आजोबांना ठाऊक होती, आता ती 'खंडीभर कामे' इतक्यापुरती उरली असे आपल्याला वाटते. तसे नाही. भारतातल्या रुईचा भाव आजही खंडीत सांगतात, ३५५.६२ किलोची एक खंडी, म्हणजे जुने ७८४ पौंड. पोर्तुगीजांनी 'खंडी'चे 'कांदील' केले, इंग्रजांनी 'कँडी'. इंग्रजीत गोळ्या-मिठाईला म्हणतात ती कँडी वेगळ्या वाटेने आली, आपल्या 'खांड' साखरेवरून, फारसी 'कंद' आणि अरबीमार्गे युरोपात. पण दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'खंड' आहे, म्हणजे तुकडा. रुई खंडीने तोलायची, तिची गाठ मात्र १७० किलोची बांधायची, आणि परदेशी खरेदीदाराने भाव विचारला तर तो सेंट-प्रति-पौंडात द्यायचा. धुळ्या-जळगावच्या जिनिंगवाल्याला ही तीन मापे तोंडपाठ असावी लागतात. आणि 'जिन' म्हणजे काय, तर 'एंजिन'चे शेपूट.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा खानदेश ओलांडून गेला. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाची नावे गावांवरून पडली. अमरावतीला तेव्हा उमरावती म्हणत, म्हणून तिकडच्या कापसाचे नाव झाले 'उमरा'. भडोचचा तो 'ब्रोच', धोलेऱ्याचा 'धोलेरा'. खानदेशचा कापूसही त्या बाजारात गेला, आणि मागोमाग त्याच्याबद्दलची तक्रारही आली. भाव चढले तसे रुईत सरकी, माती, पाणी मिसळण्याचे प्रकार वाढले. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आज दर्जाची प्रमाणपत्रे, तपासणी, नमुने यांची कटकट वाटणाऱ्याने ही तारीख ध्यानात ठेवावी. परदेशी खरेदीदाराला आपल्या मालाचा अविश्वास वाटतो, त्यामागे दीडशे वर्षांचा अनुभव आहे, आणि तो अविश्वास एकेका गाठीने, एकेका पेटीनेच पुसला जातो.

'नमुना' फारसी आहे. त्यासाठी आपला जुना शब्द होता 'वानगी'. धान्याच्या ढिगातून मूठभर काढून दाखवायची ती वानगी. तिचे नाते संस्कृत 'वर्णिके'शी लावतात. आज फक्त लेखक मंडळी 'वानगीदाखल' लिहितात. निर्यातीच्या व्यवहारात मात्र सगळे भांडण वानगीवरूनच होते. दाखवले ते आणि पाठवले ते एक होते का? 'पारख' हा शब्द 'परीक्षे'तून आला आणि नाण्यांची, सोन्याची परीक्षा करणाऱ्या घराण्यांचे 'पारेख' हे आडनावच झाले. जळगावच्या सराफ बाजाराला पारखेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. केळीच्या पेटीलाही तीच शिस्त लागते, हे मात्र अजून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले नाही.

केळीबाजाराची बोली ऐकण्यासारखी आहे. मृगात लावली ती मृगबाग, कांद्याच्या हंगामाला लावली ती कांदेबाग. पहिल्या लागवडीची नवती, पिलांवर धरलेली पिलबाग, आणि निवडीतून मागे राहिलेली वापसी. घड झाडावर, घडाच्या फण्या, फणीतली केळी. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, धुळ्याचे 'धुये' आणि केळीची 'केयी'. या प्रत्येक शब्दाला भाव आहे. रावेरच्या व्यापाऱ्याने नुसते 'नवती' म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे फळाचा घेर, रंग, वजन उभे राहते. पण हा शब्द झाडाचा इतिहास सांगतो, फळाचे माप सांगत नाही. आखातातल्या खरेदीदाराला फळाची जाडी मिलिमीटरमध्ये, लांबी सेंटिमीटरमध्ये, फणीतली केळी संख्येत, पेटीचे वजन किलोत आणि कंटेनरचे तापमान अंशांत लागते. केळी हिरवीच काढायची, धुऊन वर्गवारी करायची, तेरा-चौदा अंश सेल्सिअसला गार करायची. त्याहून गार झाली तर साल काळवंडते, गरम राहिली तर वाटेतच पिकते. बोलीतला शब्द टाकून द्यायचा नाही, पण त्याच्याशेजारी आकडा मांडायचा. जी पॅकहाउसे हे शिकली त्यांचा माल बाहेर गेला. जळगाव केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली.

तिथे तिचे नाव काय झाले? अरबीत केळ्याला 'मौज' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'मोचा'वरून गेला असे अभ्यासक मानतात. मोचा म्हणजे केळच. बंगालीत तो केळफुलासाठी उरला, मराठीने 'कदली'वरून 'केळ' घेतले आणि मोचा विसरली. अरबी 'मौज'वरूनच शास्त्रीय नाव 'म्युसा' पडले असा बहुतेकांचा कौल आहे. म्हणजे पीक-आरोग्याच्या दाखल्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहिताना कारकून जो शब्द टंकतो, तो बहुधा इथूनच निघून, अरबस्तान आणि युरोप फिरून परत आलेला आहे. 'बनाना' मात्र पश्चिम आफ्रिकेतला, पोर्तुगीज जहाजांनी जगभर नेलेला.

दाखल्यावर नाव तसा जकातीसाठी आकडा. जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गवारी १९८८ पासून लागू आहे. तिच्यात केळी ०८०३ आणि न पिंजलेला कापूस ५२०१. केळ्याला जगातली कुठलीही भाषा काहीही म्हणो, जकातदार ते ओळखतो आकड्यांनीच. त्या आकड्यापुढे दर लिहिलेला असतो, तो 'टॅरिफ'. आणि हा 'टॅरिफ' आपल्या 'तारीफ'चा सख्खा भाऊ आहे. अरबीत 'तारीफ' म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे. भूमध्य समुद्राच्या बंदरांत इटालियन व्यापाऱ्यांनी त्यावरून दरांच्या जाहीर यादीला 'तारिफा' म्हटले. आपल्याकडे तो शब्द फारसीतून आला आणि ओळख करून देता देता स्तुती करू लागला. अमेरिकेने २०२५ मध्ये भारतीय मालावर टॅरिफ वाढवला तेव्हा तो शब्द गावच्या पारावर पोचला. मूळ अर्थ मला मोलाचा वाटतो: दर आधी जाहीर असला पाहिजे. व्यापाऱ्याला जड करापेक्षा न कळलेला कर अधिक बुडवतो. 'जकात' हाही अरबीच, पण तिथे तो धर्माने सांगितलेल्या दानाचा शब्द आहे, आपल्याकडे नाक्यावर वसूल होऊ लागला. 'शुल्क' हा शब्द कौटिल्याच्या काळापासूनचा. अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष आहे, नावध्यक्ष आहे आणि पत्तनाध्यक्षही आहे. वादळात सापडलेल्या नावेवर अधिकाऱ्याने बापासारखी माया करावी आणि पाण्याने भिजलेल्या मालाचे शुल्क माफ करावे किंवा निम्मे घ्यावे, असा तिथे नियम आहे.

वादळ आले म्हणजे 'जोखीम' आलीच. या शब्दाची व्युत्पत्ती मी जेव्हा पहिल्यांदा भाषाशास्त्रज्ञ टर्नर यांच्या व्युत्पत्तिकोशात पाहिली तेव्हा थक्क झालो. जोखीम म्हणजे 'योगक्षेम'. नसलेले मिळवणे तो योग, असलेले राखणे तो क्षेम. प्राकृतात 'जोगक्खेम', आणि घासत घासत 'जोखीम', 'जोखम'. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात 'योगक्षेम' आहे. बाजारातली 'जोखीम' तोच शब्द, उलटा फिरलेला. मिळवण्या-राखण्याची काळजी वाहणे या अर्थापासून, जे गमावण्याची धास्ती आहे ते, इथपर्यंत तो आला. 'जोखीम' म्हणजे सोबत असलेली मौल्यवान चीज, हा अर्थ जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे: 'अंगावर जोखीम आहे, रात्री निघू नको.' 'विमा' फारसी 'बीम'वरून, आणि बीम म्हणजे भीती. एक शब्द सांभाळण्याचा, दुसरा भीतीचा, आणि निर्यातीच्या कागदावर दोघे एकत्र नांदतात.

जोखीम कोणत्या क्षणी विकणाऱ्याच्या खांद्यावरून घेणाऱ्याच्या खांद्यावर जाते, हे ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ साली तीन-तीन अक्षरांचे नियम प्रथम छापले. आजची आवृत्ती २०२० ची, नियम अकरा. 'एफओबी' आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. एफओबी न्हावा-शेवा असा भाव दिला, की माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम जळगावच्या व्यापाऱ्याची. कंटेनर बंदराच्या आवारात चार दिवस अडकला, शीतयंत्राची वीज गेली, केळी पिकली, तरी तो जहाजावर चढलेला नाही. नुकसान व्यापाऱ्याचे. म्हणूनच कंटेनरच्या मालासाठी एफओबी वापरू नका, वाहतूकदाराच्या ताब्यात दिले की जबाबदारी संपते असा 'एफसीए' घ्या, असे ते मंडळ स्वतःच सांगते. तरीही सवयीने एफओबी लिहिले जाते. तीन अक्षरांचा मराठी अर्थ सहीच्या आधी मोठ्याने वाचला, तर पुष्कळ नुकसान टळेल. 'जहाजावर चढेपर्यंत माझे' आणि 'गाडीवाल्याला सोपवेपर्यंत माझे' ही दोन वाक्ये कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला कळतात.

आपल्या पेढ्यांना हा प्रश्न नवा नव्हता. 'हुंडी' शब्द जुना आहे, 'हुंडिका' हे रूप काश्मीरच्या राजतरंगिणीत येते. हुंडीच्या अनेक जाती होत्या. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायची ती मुदती. आजच्या बँकेत पतपत्र, म्हणजे एलसी, उघडताना 'साइट' आणि 'यूजन्स' म्हणून जे विचारतात ते हेच दोन. आणखी एक होती जोखमी हुंडी. तिचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. उधारी, पैशाची रवानगी आणि विमा या तिन्ही गोष्टी एका कागदात. पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारात ती चालत असे. हा कागद ज्यांनी रचला, त्यांच्या बुद्धीची नोंद आपल्या वाणिज्याच्या पुस्तकांत एका ओळीपलीकडे होत नाही, याचे मला वाईट वाटते.

आणि शाहजोग हुंडी. तिचे पैसे कोणाही आलेल्याला द्यायचे नाहीत, 'शाह' असेल त्यालाच द्यायचे. हा शाह इराणचा राजा नव्हे. संस्कृत 'साधु'चा प्राकृत 'साहु', त्याचा गुजराती 'शाह', मराठी 'साव'. साधु म्हणजे सरळ, खरा. व्यापाऱ्याला हे विशेषण लागले, आणि 'साधुकार'चा सावकार झाला. सावकार शब्द पुढे कर्जापायी काळवंडला, पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात परमुलखाशी व्यापार करणारा सावकार राज्याला भूषण मानला आहे. बाजारात 'साव' कोण हे सगळ्यांना ठाऊक असे, म्हणून शाहजोग लिहून भागे. दुबई-इराकच्या खरेदीदाराला जळगावचा साव कोण हे कसे कळणार? त्याची जागा आता नोंदणीने घेतली आहे: परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड, शेतमालासाठी अपेडाचे सदस्यत्व, बँकेचा एडी कोड, पॅकहाउसची मान्यता. या आकड्यांची गर्दी नव्या माणसाला घाबरवते. त्यातला प्रत्येक आकडा एवढेच सांगतो, की हा माणूस कोण ते आम्हाला माहीत आहे.

खानदेशाने ही ओळख मिळवलेली आहे. भवरलाल जैन यांनी १९७८ साली जळगावात केळीची भुकटी करण्यासाठी उभारलेला कारखाना घेतला आणि पपईच्या चिकापासून पेपेन काढून ते परदेशी पाठवले. केळीच्या गावातून पपईचा चीक निर्यात व्हावा, ही बाजाराची नस ओळखण्याची गोष्ट होती. अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली. तिच्या नावाची टोके जोडून पुढे 'विप्रो' झाले.

शेवटी कागद. 'बीजक' हा इनव्हॉइससाठीचा आपला शब्द. कबीराच्या ग्रंथाचेही नाव तेच, कारण दडवलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या टिपणालाही बीजक म्हणत. कुठल्या पेटीत काय आहे हे सांगतो तो कागद. 'पावती' कशावरून? 'पावणे' म्हणजे पोचणे, मिळणे, संस्कृत 'प्राप्'वरून. 'रसीद' फारसी, 'रसीदन' म्हणजे पोचणे. आणि 'पोच' तर पोचणेच. तीन घराण्यांतले तीन शब्द, तिघांच्या मुळाशी एकच गोष्ट: माल गेला म्हणून व्यवहार झाला असे नाही, तो पोचला पाहिजे. 'निर्यात'मध्ये ते नाही. 'निर्' आणि 'या', म्हणजे बाहेर गेलेले, इतकेच तो सांगतो. शब्द रुळला आहे, तो बदलावा असे मी म्हणत नाही. पण आपल्या जिल्ह्यांत निर्यातीवर जी शिबिरे होतात त्यांत माल बाहेर काढण्याची कृती पुष्कळ शिकवली जाते आणि पोचल्यानंतरचे थोडे, याला तोच शब्द शोभतो.

जहाज कंपनी माल घेतल्याची जी पावती देते ती 'बिल ऑफ लेडिंग'. परिभाषा कोशात तिला 'भरणपत्र' म्हटले आहे, व्यापारी 'बीएल' म्हणतात. ही पावती मालाच्या मालकीचा कागदही असते. ती ज्याच्या हाती, त्याला पलीकडे माल मिळतो. तिच्या बहुधा तीन मूळ प्रती निघतात, एकीवर माल दिला की बाकीच्या रद्द. हुंडीवाल्यांनीही हीच सोय केली होती. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' लिहून देत, तीही हरवली तर 'परपेठ'. एकीचे पैसे दिले की ती कोरडी झाली, मग तिला 'खोका' म्हणत. पतपत्रावर पैसे देताना बँक माल बघत नाही, कागद बघते. बीजकावर एक स्पेलिंग आणि बीएलवर दुसरे असले तरी ती पैसे थांबवू शकते. म्हणून कंपनीचे, गावाचे, मालाचे इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवून सगळ्या कागदांवर तेच ठेवायचे, हे जळगाव-धुळ्याच्या नव्या निर्यातदाराचे पहिले काम.

आखाताच्या फेरीत आणखी एक अडचण येते. न्हावा-शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज आठवड्याच्या आत पोचते, आणि बँकांमधून फिरणारा मूळ बीएल तोवर वाटेतच असतो. केळी कागदासाठी थांबत नाहीत. तेव्हा व्यापारी मूळ प्रती इथेच जहाज कंपनीला परत करतो, कंपनी पलीकडच्या कचेरीला कळवते आणि माल कागदाविना सुटतो. याला 'टेलेक्स रिलीज' म्हणतात. टेलेक्सची यंत्रे केव्हाच मोडीत गेली, निरोप आता ईमेलने जातो, नाव तेच राहिले. पण टेलेक्स रिलीज दिला की मालावरचा आपला ताबा सुटतो. म्हणून ज्याने रक्कम आगाऊ भरली आहे किंवा जो वर्षानुवर्षे साव ठरला आहे, त्यालाच तो द्यायचा. बाकीच्यांसाठी मूळ बीएल कुरिअरने आपल्या बँकेमार्फत पाठवायचा, आणि त्यासाठी दोन-तीन दिवस सांभाळून घेणारी जहाज कंपनी निवडायची.